शेवटी गांधीजी एकटेच का उरतात?

न्यूयॉर्कच्या रंगमंचावर संस्कृतात गायलेला आणि कॅमेऱ्यांनी टिपलेला ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा. त्याच्या शेवटी ना विजय आहे, ना मृत्यू. मग आहे तरी काय? पालघरमध्ये बसून पाहताना हाती आलेली काही उत्तरं.

सिनेमाचा शेवट कळला नाही की आपण काय करतो? थिएटरच्या पायऱ्या उतरतानाच मोबाइल काढतो आणि अर्थ सांगणारे व्हिडिओ शोधतो. ‘इन्सेप्शन’मधला तो भोवरा पडला की फिरतच राहिला, यावर कॉलेजच्या कट्ट्यांवर कितीतरी चहा संपलाय. ‘सैराट’ संपला तेव्हा त्या लहानग्याच्या पावलांचे ठसे पाहून अख्खं थिएटर गप्प झालं होतं, पण तिथे काय झालं ते कुणाला विचारावं लागलं नाही. काही शेवट मात्र असे असतात की सगळं डोळ्यांसमोर दिसतं, ऐकू येतं, आणि तरी ‘संपलं का?’ असा प्रश्न पडतो.

फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराच्या ‘सत्याग्रह’ या ऑपेराचा शेवट असाच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘मेट’ने, तो चित्रित केला आणि १९ नोव्हेंबर २०११ रोजी जगभरच्या थिएटरांमध्ये थेट दाखवला. तेच चित्रण आज आपण लॅपटॉपवर पाहू शकतो. मी ते मैत्रिणीला दाखवलं. शेवटची नोट विरली, पडदा काळा झाला, आणि ती म्हणाली, “अगं पण हे जिंकले की हरले?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला आपण पालघरकर न्यूयॉर्कवाल्यांपेक्षा जरा जास्तच सोयीच्या जागी बसलोय.

आधी थोडी ओळख

ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा युरोपातला लांबचा नातेवाईक. आपल्याकडे नट बोलता बोलता पद गातो. तिथे बहुतेक वेळा बोलणंसुद्धा गाण्यातच चालतं. ‘सत्याग्रह’चा पहिला प्रयोग ५ सप्टेंबर १९८० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात झाला. विषय गांधीजींचा, पण दांडीयात्रेचा नाही, चले जावचा नाही. सगळी कथा दक्षिण आफ्रिकेतली, १८९३ ते १९१४ या काळातल्या तरुण वकिलाची.

गंमत म्हणजे यात गांधीजी इंग्रजीत गात नाहीत, गुजरातीतही नाही. सगळेच संस्कृतात गातात आणि ओळी आहेत भगवद्गीतेच्या. ग्लास आणि लेखिका कॉन्स्टन्स डीजाँग यांनी गीतेतले श्लोक निवडून प्रसंगांवर बसवले. म्हणजे रंगमंचावर छापखाना दिसतो, परवाने जळतात, दगडफेक होते, आणि कानावर मात्र कुरुक्षेत्र पडत राहतं. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती लोकांना कळावी म्हणून. ग्लासने ती मुद्दाम संस्कृतातच ठेवली. शब्दांचा अर्थ लावण्यात मन गुंतू नये आणि सूर सरळ आत जावा, असा त्याचा हिशोब. मेटच्या प्रयोगात सगळ्या ओळींचं भाषांतरही दिलेलं नाही, मोजकी वाक्यं तेवढी नेपथ्याच्या भिंतींवर उमटतात.

तीन अंक आणि प्रत्येक अंकाला एक साक्षीदार. पहिल्या अंकात टॉलस्टॉय, दुसऱ्यात रवींद्रनाथ टागोर, तिसऱ्यात मार्टिन ल्यूथर किंग. तिघंही उंचावर असतात आणि एक अक्षर गात नाहीत. टॉलस्टॉय हा गांधीजींच्या आधीचा माणूस, टागोर बरोबरीचे, किंग नंतरचा. म्हणजे काल, आज आणि उद्या.

एक तपशील मला फार आवडला. ज्या सभेत अन्यायी कायदा न पाळण्याची शपथ घेतली गेली, ती ११ सप्टेंबर १९०६ ची जोहान्सबर्गची सभा एका नाटकगृहात भरली होती, एम्पायर थिएटरमध्ये. सत्याग्रहाची सुरुवातच थिएटरात झाली म्हणायची!

शेवटी दिसतं काय?

तिसऱ्या अंकात एकच प्रसंग आहे, १९१३ चा न्यूकॅसलचा मोर्चा. खाणकामगार संपावर गेले आहेत, गांधीजी त्यांच्यासोबत सरहद्दीकडे निघाले आहेत. फेलिम मॅकडर्मट आणि ज्युलियन क्राउच यांनी बसवलेल्या मेटच्या प्रयोगात हे सगळं संथ लयीत घडतं. सगळ्यांच्या मागे, उंच चौथऱ्यावर, किंग उभा आहे. भाषण देतोय, पण आपल्याकडे पाठ करून. त्याचे हात हळूहळू हलतात, आवाज नाही. तो ज्या गर्दीशी बोलतोय ती पलीकडे आहे, आपल्याला दिसत नाही.

मग पोलीस सत्याग्रहींना एकेक करून नेतात. रंगमंच रिकामा होत जातो. खाली एकटे गांधीजी आणि वर तो पाठमोरा किंग, एवढंच शिल्लक राहतं. गांधीजींची भूमिका करणारा गायक रिचर्ड क्रॉफ्ट गायला लागतो. खालून वर चढत जाणारे आठ सूर. वर पोचला की पुन्हा खालून. पुन्हा तेच. एकूण तीस वेळा. आणि ऑपेरा संपतो.

टाळ्या मिळवणारी उंच तान नाही, रडवणारा मृत्यू नाही, झेंडा नाही. मैत्रीण गोंधळली यात तिची काय चूक?

पहिलं उत्तर : ते जिंकले होते, पण...

इतिहासाचं पुस्तक उघडलं तर उत्तर एका ओळीचं आहे. जिंकले. त्या मोर्चात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुलं होती, असा आकडा गांधीजींनी स्वतः नोंदवून ठेवलाय. ६ नोव्हेंबर १९१३ ला त्यांनी नाताळमधून ट्रान्सवालची हद्द ओलांडली. पुढच्या चार दिवसांत गांधीजींना तीनदा अटक झाली. कामगारांना गाडीत घालून परत पाठवलं, खाणींनाच तुरुंग बनवलं. तरी संप पसरत गेला. १९१४ मध्ये कायदा बदलला, करार संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर गेला, भारतीय पद्धतीच्या लग्नांना मान्यता मिळाली. गांधीजींनी आफ्रिका सोडली आणि ९ जानेवारी १९१५ ला ते मुंबईत उतरले.

म्हणजे ग्लासकडे आयता हॅपी एंडिंग होता. कर रद्द, बोट, अपोलो बंदर, हारतुरे. कोणत्याही निर्मात्याने हाच शेवट मागितला असता. त्याने तो घेतला नाही. लोकांना पकडून नेल्यावर आणि निकाल लागण्याआधी, बरोबर त्या मधल्या रात्री त्याने कथा थांबवली.

का? मला वाटतं, कारण निकाल कळला की आपण गांधीजींना बघत नाही, स्कोअर बघतो. मॅच जिंकल्यावर पंधराव्या षटकातली धाकधूक कुणाला आठवते? पण सत्याग्रह ही गोष्ट निकाल माहीत नसतानाच करायची असते. त्या रात्री त्या माणसाला १९१४ चा कायदा ठाऊक नव्हता. सोबतचे नेले गेलेत, उद्या काय ते माहीत नाही, आणि तो पुन्हा खालच्या सुरापासून सुरुवात करतो. तीस वेळा. हट्ट म्हणजे ‘आग्रह’ हा शब्द इथे कानाला ऐकू येतो.

दुसरं उत्तर : चौथा अध्याय

त्या शेवटच्या गाण्याचे शब्द गीतेच्या चौथ्या अध्यायातले आहेत, पाच ते आठ क्रमांकाचे श्लोक. त्यातले शेवटचे दोन तुम्हाला पाठ असतील. टीव्हीवरच्या ‘महाभारत’च्या शीर्षकगीताने ते घरोघरी पोचवले. धर्माची घडी विस्कटली की मी पुन्हा येतो, असं कृष्ण अर्जुनाला सांगतो ते.

पण सगळी मेख पाचव्या श्लोकात आहे, जो टीव्हीवर नव्हता. त्यात कृष्ण म्हणतो की, माझे कितीतरी जन्म होऊन गेले आणि तुझेही. फरक इतकाच की मला ते सगळे आठवतात, तुला नाही.

आता पुन्हा रंगमंचाकडे बघा. वर किंग. त्याची पाठ गांधीजींकडेही आहे आणि आपल्याकडेही. १९१३ साली त्याचा जन्मही व्हायचाय. तो १९२९ चा. गांधीजींची हत्या झाली तेव्हा तो १९ वर्षांचा विद्यार्थी होता. दोघांची भेट कधीच झाली नाही. किंग भारतात आला तो १९५९ मध्ये. म्हणजे खाली गाणारा माणूस ज्याला बोलावतोय तो अजून जन्मलेला नाही, आणि वर हात हलवणाऱ्याला खालचं गाणं ऐकू येत नाही. एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला आठवत नाही. श्लोकाचा अर्थ कुणी न सांगता समोर उभा आहे.

अजून एक गोष्ट. ऑपेराच्या पहिल्या प्रसंगात कुरुक्षेत्रावर गांधीजी गातात ते अर्जुनाचे शब्द. समोर उभं ठाकलेलं सैन्य बघून गोंधळलेल्या माणसाचे. शेवटी त्यांच्याच तोंडी कृष्णाचे शब्द येतात. प्रश्न विचारणाराच उत्तर देणारा झालाय.

इथे एक रास्त शंका येते. हे गांधीजींना देव करणं नाही का? अवतार म्हणून मखरात बसवलं की आपली जबाबदारी संपते, मग २ ऑक्टोबरला हार घातला की झालं. ग्लासच्या शेवटाला हा धोका आहेच. पण किंगची ती पाठमोरी आकृती त्यावर उतारा आहे. परत येणारा आकाशातून येत नाही. तो दुसऱ्या देशातला, दुसऱ्या रंगाचा, दुसऱ्या धर्माचा, एका चर्चमधला पाद्री असतो. आणि कथेत न दाखवलेली गोष्टही प्रेक्षकाला माहीत असते की ३० जानेवारी १९४८ आणि ४ एप्रिल १९६८, दोघांचाही शेवट गोळीने झाला. ऑपेरा ते तोंडातून काढत नाही. म्हणूनच त्या शांत गाण्याखाली एक कळ आहे.

तिसरं उत्तर : हे सूर ओळखीचे आहेत!

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडलेला. ते चढत जाणारे आठ सूर पाश्चात्त्य संगीतात ‘फ्रिजियन मोड’ म्हणून ओळखले जातात. पेटीवर वाजवून बघायचे असतील तर पांढरी तीन, म्हणजे त्यांच्याकडची ‘ई’ पट्टी, षड्ज धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवरून वर जा. रिषभ, गंधार, धैवत, निषाद, चारही कोमल. क्लासला गेलेल्या कुणालाही विचारा, हे कुठल्या थाटाचे सूर? उत्तर येईल : भैरवी.

नुसत्या सुरांनी राग होत नाही, हे मान्य. त्याचं चलन लागतं, जागा लागतात. ग्लासने भैरवी म्हणून हे लिहिलं असा माझा दावाही नाही. पण तो आपल्या संगीताला नवखा नव्हता. साठच्या दशकात पॅरिसमध्ये त्याने पंडित रविशंकर यांच्यासोबत काम केलं, अल्लारखांकडून तालाचा हिशोब समजून घेतला, नंतर अनेकदा भारतात येऊन गेला. आणि मराठी कानाला भैरवीचे सूर लागले की काय कळतं? मैफल संपत आलीये. रात्रभर काहीही गायलं असो, शेवट भैरवीने. भैरवीनंतर सहसा कुणी गात नाही. ती निरोप घेते, पण ‘पुन्हा भेटू’ असंही सुचवून जाते.

संगीत नाटकाच्या शेवटी आपल्याकडे भरतवाक्य असायचं. कथा संपली की नट भूमिकेतून थोडा बाहेर यायचा आणि सगळ्यांचं भलं होवो अशी प्रार्थना करायचा. पात्र मागे पडायचं, समोर फक्त गाणारा माणूस आणि प्रेक्षक. ‘सत्याग्रह’चा शेवट मला या दोन्हींसारखा वाटतो. भैरवीचे सूर आणि भरतवाक्याची जागा. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला जे विचित्र वाटू शकतं, ते आपल्या आजोबांना कदाचित पटकन कळलं असतं.

कॅमेरा काय करतो?

प्रत्यक्ष थिएटरात शेवटी कुठे बघायचं ते तुम्ही ठरवता. गांधीजींकडे की किंगकडे, की मधल्या रिकाम्या जागेकडे. चित्रणात ते दिग्दर्शक ठरवतो. क्लोजअप आला की क्रॉफ्टच्या चेहऱ्यावरचा थकवा, श्वास, डोळे दिसतात, जे नाट्यगृहातल्या मागच्या रांगेला कधीच दिसणार नाहीत. पण त्याच क्षणी किंग चौकटीच्या बाहेर जातो. मग ते एका एकट्या माणसाचं दुःख होतं. कॅमेरा मागे गेला की दोघं एकत्र दिसतात आणि तेच गाणं आशेचं होतं. सूर तेच, शब्द तेच, अर्थ फक्त अंतराने बदलला.

आमच्या कोर्समध्ये पहिल्याच वर्षी शिकवतात की चौकटीत काय नाही हे आधी बघा. तो धडा इथे फुकटात मिळतो. एकदा चेहऱ्याकडे बघत पाहा, एकदा पाठीकडे.

शेवट रस्त्यावर

२०११ च्या त्या प्रयोगमालिकेला एक जादा शेवटही मिळाला. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलन पेटलेलं होतं. १ डिसेंबरला, शेवटचा प्रयोग सुटायच्या वेळी, आंदोलक ऑपेराच्या दारात येऊन थांबले. मध्ये पोलिसांचे अडथळे. आत सत्याग्रहावर टाळ्या आणि बाहेर सत्याग्रहींना मज्जाव! स्वतः फिलिप ग्लास त्या गर्दीत आला आणि त्याने ऑपेराच्या शेवटच्या ओळींचा इंग्रजी अर्थ म्हटला. माइक नव्हता, म्हणून तो एक वाक्य म्हणायचा आणि जमलेले लोक मोठ्याने पुन्हा म्हणायचे, मागच्यांना ऐकू जावं म्हणून. शाळेत प्रतिज्ञा म्हणतो तसं.

आत एकट्या माणसाने तीस वेळा म्हटलेलं बाहेर शेकडो जणांनी म्हटलं. शेवटाचा अर्थ काय, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर कुठल्या समीक्षकाने दिलं असेल असं वाटत नाही.

आणि आपली पाचबत्ती

आता घरी या. पालघरच्या पाचबत्तीवरून आपण रोज जातो, रिक्षा पकडतो, वडापाव खातो. तिथला हुतात्मा स्तंभ १४ ऑगस्ट १९४२ चा आहे. कचेरीवर निघालेल्या मोर्चावर त्या दिवशी गोळीबार झाला आणि पाच जण गेले. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी, सुकुर मोरे.

तारीख नीट बघा. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर चले जावचा ठराव झाला आणि ९ च्या पहाटे गांधीजींना अटक झाली. १४ तारखेला ते पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये बंद होते. म्हणजे ऑपेराच्या शेवटाचं हे बरोबर उलटं चित्र आहे. तिथे माणसं नेली जातात आणि गांधीजी उरतात. पालघरात गांधीजी नव्हते, माणसं उरली होती. ती चालत निघाली.

माझी त्या शेवटाबद्दल एकच तक्रार आहे, ती इथूनच येते. रंगमंचावरून ज्यांना नेलं, त्यांची नावं ऑपेरा सांगत नाही. न्यूकॅसलच्या २,०३७ पुरुषांची, १२७ बायकांची, ५७ मुलांची. तिल्लैयाडी वल्लिअम्मा ही जेमतेम सोळा वर्षांची मुलगी त्याच लढ्यात तुरुंगात गेली आणि आजारी होऊन सुटल्यावर फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली. ती कुठेच दिसत नाही. एका माणसाच्या गाण्यात हजारोंचा आवाज मावतो हे सुंदर आहे, पण त्या हजारोंना नावं होती. आपल्याकडे दर १४ ऑगस्टला निदान ती पाच नावं घेतली जातात.

मोर्चा म्हणजे काय हे या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. वनजमिनीसाठी आदिवासी चालले, वाढवण बंदराच्या विरोधात किनाऱ्यावरचे मच्छीमार चालले. कोण बरोबर, कोण चूक यावर घराघरांत वाद आहेत आणि ते असू देत. पण मोर्चाची बातमी एका दिवसाची असते. दुसऱ्या दिवशी झेंडे गुंडाळले जातात, लोक घरी जातात, निकाल कधी लागेल ते कुणालाच माहीत नसतं. बातमी तिथे संपते. ग्लासचं शेवटचं गाणं नेमकं तिथे सुरू होतं.

म्हणून मैत्रिणीला दिलेलं माझं उत्तर असं : अजून कळलेलं नाही, आणि त्या माणसालाही कळलेलं नव्हतं, तरी तो गात होता. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “शेवटचा भाग परत लाव. या वेळी मी वरच्या माणसाकडे बघते.”

पाहायचं असेल तर

● मेटच्या स्वतःच्या ऑनलाइन सेवेवर २०११ चं चित्रण आहे. पूर्ण ऑपेरा तीन तासांच्या वर जातो. एका बैठकीत जमत नसेल तर अंक-अंक करून पाहा.

● नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये मेटच्या चित्रित ऑपेरांचे खेळ होत आले आहेत. डहाणू-चर्चगेट लोकल आपलीच आहे. वेळापत्रक बघून निघा.

● पाहण्याआधी गीतेचा चौथा अध्याय मराठीतून वाचा, विनोबांच्या ‘गीताई’तून किंवा ज्ञानेश्वरीतून. फक्त ते चार श्लोक वाचले तरी शेवट वेगळा दिसेल.

● संगीतकाराची पुनरावृत्ती सुरुवातीला कंटाळवाणी वाटते. पंधरा मिनिटं धीर धरा. तारप्यावर रात्रभर नाचणाऱ्यांच्या जिल्ह्यातले आहोत आपण, तेच ते सूर पुन्हा पुन्हा ऐकण्यातली मजा आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.